टाकी भरलेली होती

काचेवर पाणी येत नाही, एवढ्याच तक्रारीसाठी गाडी घेऊन येणारं गिऱ्हाईक माझ्या गॅरेजला वर्षातून दोन-तीनदाच यायचं. बाकीचे दुसऱ्या कामाला यायचे आणि निघता निघता म्हणायचे, "मेस्त्री, ते काचंवर पाणीबी येत न्हाय. जमलं तर बघा, न्हायतर ऱ्हाऊ द्या." आणि बहुतेक वेळा ते राहायचंच.

बारामतीतून इंदापूरकडं निघालं की डाव्या हाताला माझं गॅरेज होतं. पस्तीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. इंजिनवाल्याला लोक डॉक्टर मानतात. आमच्याकडं बल्ब बदलणारा माणूस म्हणून बघतात. त्यातही वायपरचं पाणी म्हणजे अगदीच शेवटचं काम. कुणाला त्याचं कौतुक नाही. मलाही नव्हतं.

यंत्र तसं साधं असतं. बॉनेटखाली प्लॅस्टिकची एक टाकी, तिच्या बुडाशी अंगठ्याएवढी मोटर, तिथून निघालेली करंगळीपेक्षा बारीक नळी आणि काचेखाली पाणी उडवणारी दोन जेट. स्टीअरिंगजवळचा दांडा ओढायचा आणि कान द्यायचा. मोटरचा आवाजच नाही, तर फ्यूज गेला, वायर तुटली किंवा मोटर बसली. आवाज येतो पण पाणी येत नाही, तर पाणी कुठंतरी अडलंय नाहीतर वाटेतच सांडतंय. आमच्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं. लोक तेच टाकीत ओततात आणि मग जेटची भोकं पांढरी होऊन बुजतात. टाचणीनं खरवडली की मोकळी होतात. ऊसपट्ट्यात आणखी एक भानगड असते, ती उंदरांची. कऱ्हाटीच्या एका बागायतदाराच्या गाडीतली नळी उंदरांनी तीन वेळा कुरतडली. तिसऱ्यांदा ते माझ्यावरच चिडले. "उंदराला आवडत न्हाय असली नळी ठिवत न्हाय व्हय तू?" म्हणाले. आणखी एकानं काच चकाचक व्हावी म्हणून टाकीत भांड्यांचा साबण ओतला. भर चौकात वायपर फिरवला, तर काचेवर फेसच फेस. जितका वायपर फिरेल तितका फेस वाढेल. शेवटी गाडी सोडून तो चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

हसण्यावारी नेण्यासारखंच हे काम. मीही तसंच नेलं, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. ती गोष्ट मी गॅरेज बंद करेपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तेवढी सांगितली, तीही उशिरा.

कन्हेरीला नलिनी सिस्टर राहायच्या. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स म्हणून काम करून निवृत्त झाल्या होत्या. वय सदुसष्ट. नवरा वारलेला, मुलगा अभिजित पुण्यात नोकरीला. सिस्टरांकडं अठरा वर्षं जुनी एक लहान गाडी होती, ती त्या स्वतः चालवायच्या. सकाळी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा रक्तदाब बघायचा, कुणाला इन्सुलिन द्यायचं, कुणाला गाडीत घालून बारामतीला दवाखान्यात न्यायचं, असं त्यांचं निवृत्तीनंतरही चाललेलंच होतं. पांढरं पातळ, मनगटावर आतल्या बाजूला घड्याळ. बोलणं कमी आणि नेमकं.

पौष महिन्यातली गोष्ट. उसाचा हंगाम भरात होता. सिस्टर संध्याकाळी गाडी घेऊन आल्या.

"मेस्त्री, काचेवर पाणी येत नाही. मोटर वाजते. जेट मी टाचणीनं साफ करून बघितली."

म्हणजे निम्मं निदान त्यांनी घरीच केलं होतं. मी बॉनेट उघडलं. बिजागरीपाशी नळी वाळून चिरली होती. तेवढा तुकडा कापला, नव्या नळीचा तुकडा सांध्यावर दाबून बसवला. अशा सांध्यावर बारीक क्लिप लावायची असते. मोटरनं पाणी ढकललं की नवी मऊ नळी सांध्यावरून निसटू शकते. क्लिपांचा डबा हाताशी नव्हता. शोधायचा कंटाळा केला. बाटलीभर पाणी ओतून दोनदा दांडा ओढला, दोन्ही वेळा काचेवर छान धार आली. झालं काम.

"घरी जाऊन टाकी भरून घ्या," मी म्हणालो. "बोअरचं नको, फिल्टरचं घाला."

"उद्या सकाळी मी इंदापूरला चालले आहे, बहिणीकडं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मला लोणी देवकरला एका कारखान्यात माल उचलायच्या गाड्यांचं वायरिंग बघायला जायचं होतं. मी तसं सांगितल्यावर म्हणाल्या, "मग चला की माझ्याबरोबर. इंदापुरातून पुढं एसटी मिळेल."

कन्हेरी इंदापूरच्याच वाटेवर, तरी त्या मला घ्यायला सकाळी साडेसातला उलट्या बारामतीकडं आल्या. मी बॉनेट उघडून बघितलं नाही. शेजारच्या सीटवर बसलो आणि निघालो.

पौषात त्या रस्त्यानं सकाळी इंदापूरकडं जाताना सूर्य बरोबर समोर असतो, आणि अजून वर आलेला नसतो. त्यात उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मोटारसायकली. सिस्टर चाळीस-पन्नासच्या वेगानं, डाव्या बाजूनं चालवत होत्या. हात हलका, नजर आरशावर जाऊन येऊन. मी पस्तीस वर्षं लोकांच्या गाड्यांत बसून त्यांचं चालवणं बघितलंय. बाई उत्तम चालवायच्या.

आमच्या पुढं एक ट्रॅक्टर होता, ट्रॉलीत मळी भरलेली. उसाचा रस गाळल्यावर कारखान्यात जो काळा ओला गाळ उरतो, तो शेतकरी खत म्हणून नेतात. ट्रॉली वर ताडपत्री न बांधता शिगेपर्यंत भरली होती. सिस्टरांनी अंतर ठेवलं होतं. पण ट्रॅक्टर शेताकडं वळायला म्हणून एकदम उजवीकडं गेला, ट्रॉलीचं चाक खड्ड्यात आपटलं आणि आमच्या काचेवर फच्चकन मळी येऊन पडली.

सिस्टरांनी वायपर लावला. काळा गाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवला गेला. त्यावर समोरून ऊन आलं आणि काच काचच राहिली नाही, तांबूस भगभगीत पडदा झाला. पलीकडचं काहीच दिसेना.

त्यांनी दांडा ओढला. मोटर गरगरली. पाणी नाही.

पुन्हा ओढला. गर्र. पाणी नाही.

"मेस्त्री, मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मागं ट्रक आहे, जोरात ब्रेक मारता येणार नाही. डावीकडं बघा."

माझ्या बाजूची काच हातानं फिरवून खाली करायची होती. ती मेली अर्ध्यात अडकली. मी दोन्ही हातांनी हँडल ओढलं, डोकं बाहेर काढलं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदा रस्त्याची कड दिसली, मग समोर शंभरेक फुटांवर उसानं भरलेली बैलगाडी. मोळ्यांच्या वर कासरा धरून एक बाई बसलेली, पाठ आमच्याकडं.

"बैलगाडी! समोर बैलगाडी हाय! डाव्या अंगाला जागा हाय, उतरवा खाली, खाली!"

त्यांनी एका हातानं बाजूचा दिवा लावला, गियर खाली घेतला, गाडी कचकचत मुरुमावर उतरली. मी ओरडत होतो, "आणखी डावीकडं... बास... सरळ... थांबवा!" मागचा ट्रक हॉर्न देत उजवीकडून निघून गेला. गाडी थांबली तेव्हा बैलगाडीच्या मागं लोंबणारे उसाचे शेंडे आमच्या बॉनेटवर टेकले होते.

 वायपर तसाच फिरत होता. मीच हात घालून बंद केला.

बैलगाडी थांबली होती. मोळ्यांवरची बाई उतरून मागं आली. ऊसतोडीची बाई, अंगात नवऱ्याचा शर्ट, हातात पाण्याचा कॅन. तिनं आधी काच बघितली, मग सिस्टरांना बघितलं.

"दिसत नव्हतं व्हय वो बाई?"

"नाही गं. अजिबात नाही."

"थांबा," म्हणाली, आणि कॅनमधलं पाणी तिनं काचेवर ओतायला सुरुवात केली.

मी उतरून बॉनेट उघडलं. बिजागरीपाशी मी बसवलेला नळीचा तुकडा सांध्यावरून निसटून लोंबत होता. भोवतालचा पत्रा ओला झालेला. मी टाकीचं झाकण काढलं. पाणी गळ्यापर्यंत होतं. स्वच्छ, तळ दिसेल असं.

तेवढ्यात सिस्टर दार उघडून बाहेर आल्या. गाडीला धरून उभ्या राहिल्या. 

"टाकी रिकामी आहे ना?" त्यांनी विचारलं. "तुम्ही काल सांगितलं होतं भरायला. मी विसरले असणार. अभिजित म्हणतोच, आई, तू विसरायला लागली आहेस. मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला होता." मग पुन्हा म्हणाल्या, "रिकामी आहे ना मेस्त्री?"

हा क्षण मी इतक्या वेळा आठवलाय की आता तो जसा घडला तसाच मला आठवतो की नाही, याचीच शंका येते. पण माझं उत्तर मला पक्कं आठवतं.

"हं," मी म्हणालो.

एवढंच. ठरवून खोटं बोललो नाही. त्यांनी प्रश्नच असा विचारला की उत्तर आयतं तयार होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं. आत्ता एक बाई, दोन बैल आणि आम्ही दोघं मरता मरता वाचलो होतो, ते माझ्या एका क्लिपच्या कंटाळ्यानं. ते तोंडातून बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचं तर त्याहून वाईट. बॉनेटच्या आडून मी नळी पुन्हा सांध्यावर दाबली, खिशातल्या वायरच्या तुकड्यानं आवळून बांधली. मग त्या ऊसतोडीच्या बाईकडून कॅन मागून घेतला आणि भरलेल्या टाकीत पाणी ओतल्याचं नाटक केलं. पाणी बाहेर सांडत होतं. सिस्टर पलीकडच्या बाजूला होत्या, त्यांना दिसलं नाही. त्या बाईला दिसलं. तिनं माझ्याकडं बघितलं, कॅन घेतला आणि बैलगाडीकडं निघून गेली.

मी दांडा ओढला. काचेवर दोन धारा आल्या.

"आलं बघा पाणी," मी म्हणालो.

"बरं झालं तुम्ही बरोबर होता," सिस्टर म्हणाल्या.

इंदापूरपर्यंत त्या तीसच्या वर गेल्या नाहीत. मला स्टँडवर सोडताना त्या फोनवर मुलाशी बोलत होत्या. "तू म्हणतोस तेच खरं अभि. गाडी काढून टाकू. आज कुणाचातरी जीव गेला असता."

मी एसटीत बसलो. लोणी देवकरला दिवसभर वायरिंग केलं आणि प्रत्येक सांधा तीनतीनदा तपासला. आपण आपली समजूतही घालतो. मी घातली. सदुसष्ट वय आहे, आज ना उद्या गाडी सोडायचीच होती, मुलालाही तेच हवंय. झालं ते बऱ्यासाठीच.

तीनएक आठवडे गेले. कन्हेरीचे भानुदासतात्या त्यांची पिकअप घेऊन हॉर्नच्या कामाला आले. कामाच्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि सहज सांगू लागले, "रोज सकाळी बारामतीला हेलपाटा पडायला लागलाय बघ. आईला इन्सुलिन द्यायला."

"का? सिस्टर देतात की."

"आता न्हाय देत. कुणालाच न्हाय देत. म्हणत्यात, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय, डोस चुकंल एखाद्याचा. सुया, पेट्या, समदं बांधून ठिवलंय. दाराला कडी लावली का बघायला चारचारदा माघारी फिरत्यात. आमच्या डोळ्यादेखत बाई खचली राव." तात्यांनी तपकीर ओढली. "परवा पोरगा येणार हाय. गाडी इकून, घर बंद करून पुण्याला नेणार म्हणं."

माझ्या हातात हॉर्नची वायर होती. ती कुठं जोडायची ते मला काही क्षण सुचेना. गाडी सोडायला लागणं निराळं. मी त्या बाईचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा काढून घेतला होता. तीस वर्षं लोकांना औषधाचे डोस मोजून दिलेली बाई कडी तपासत बसली होती, ते माझ्या एका "हं"मुळं.

तरी मी लगेच गेलो नाही, हेही लिहायला पाहिजे. एक दिवस घालवला. घरी बायकोलाही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता गॅरेजला कुलूप लावलं आणि कन्हेरीला गेलो.

दारात गाडी उभी होती. बारामतीचा एक गाड्यांचा दलाल तिच्याभोवती फिरत टायर दाबून बघत होता. ओसरीवर बांधलेली खोकी. अभिजित कागदपत्रं चाळत होता. सिस्टर आत पाटावर बसल्या होत्या. तीन आठवड्यांत बाई पाच वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसली.

"या मेस्त्री," त्या म्हणाल्या. "गाडीचं काही राहिलं होतं का?"

मी चप्पल काढली, पण बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा पिऊन मी परत गेलो असतो.

"सिस्टर, त्या दिवशी टाकी भरलेली होती."

त्यांना कळलं नाही.

"गळ्यापर्यंत भरलेली होती. तुम्ही विसरला नव्हता. मी बसवलेली नळी निसटली होती. क्लिप लावायची ती मी लावली नव्हती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

बाहेर दलालानं गाडी चालू केली होती, तिचा आवाज येत होता. अभिजित उठून उभा राहिला.

"म्हणजे?" तो म्हणाला. "तीन आठवडे! तीन आठवडे माझी आई स्वतःला वेडी समजतेय. उद्या पुण्यात मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीय मी. आणि तुम्हाला हे आत्ता सांगायला सुचतंय?"

"व्हय," मी म्हणालो. 

तो अंगावर आला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. सिस्टरांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "टाकीत पाणी किती होतं?"

"गळ्यापर्यंत. स्वच्छ. फिल्टरचं."

त्यांनी डोळे मिटले. मग बोलल्या, त्या अभिजितशी.

"चार तांबे. मी चार तांबे ओतले होते, शेवटचा थोडा सांडला पायावर. मला आठवत होतं रे. रस्त्यावरसुद्धा आठवत होतं. पण हे 'हं' म्हणाले, आणि मी माझं आठवणं खोटं ठरवलं."

मग त्या उठल्या, बाहेर गेल्या, दलालाच्या हातून किल्ली मागून घेतली. "गाडी द्यायची नाही," एवढंच त्याला सांगितलं.

अभिजित म्हणाला, "आई, उद्याच्या डॉक्टरचं?"

"येते की. या वयात दाखवून घ्यायलाच पाहिजे. पण संध्याकाळी परत सोड मला. भानुदासच्या आईचं इन्सुलिन आहे परवा सकाळी."

मी चपला घालत होतो. काहीतरी म्हणावं म्हणून म्हणालो, "सिस्टर, गाडी आणा उद्या-परवा. ती क्लिप नीट लावून देतो. सगळीच तपासून देतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. पेशंटला नाही म्हणताना नर्स जशी बघते तसं बघितलं.

"तुम्ही सांगायला आलात, ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गाडी आता तुमच्याकडं येणार नाही."

आणि आली नाही. डॉक्टरांनी वयाच्या मानानं सगळं ठीक आहे असं सांगितलं, हे मला भानुदासतात्यांकडून कळलं. इन्सुलिन पुन्हा सुरू झालं, तेही त्यांच्याकडूनच.

त्यानंतर मी चार वर्षं काम केलं. काचेवरच्या पाण्याची तक्रार कुणी निघता निघता जरी सांगितली तरी गाडी सोडली नाही. लोक वैतागायचे. "एवढ्याशा पाण्यासाठी कशाला थांबवता मेस्त्री?" म्हणायचे. मी कारण सांगायचो नाही.

सिस्टरांची गाडी इंदापूरच्या एका मेस्त्रीकडं जाऊ लागली. तो माझ्या ओळखीचा, हातानं चांगला. मी गॅरेज बंद केलं त्या वर्षी त्याचा एकदा फोन आला. जुन्या मोटरच्या जागी कुठली बसेल, असं काहीतरी विचारायचं होतं. बोलता बोलता कुरकुर करायला लागला.

"कन्हेरीची एक सिस्टर येते बघा माझ्याकडं. लई अवघड गिऱ्हाईक. काम चालू असलं की खुर्चीवर बसत न्हाय, शेजारी उभी ऱ्हाती. बॉनेट लावू देत न्हाय. काय काढलं, काय बसवलं, समदं डोळ्यांनी बघितल्याशिवाय हालत न्हाय. असला काय संशय म्हणायचा?"

 फोन कट झाला असं वाटून तो हॅलो हॅलो करायला लागला.

"हाय, हाय मी," मी म्हणालो. "दाखवत जा त्यांना. समदं दाखवत जा."